गाळात डीडीटी सापडलं, पण जीव मेले ते कशाने?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत परत मांडतो. खाडीच्या मुखाजवळच्या गाळाचं सँपल तुम्ही लॅबला दिलं. रिपोर्टमध्ये डीडीटीची सगळी रूपं मिळून सुक्या वजनावर ३८ नॅनोग्रॅम प्रति ग्रॅम आली, त्यात बहुतेक डीडीई, म्हणजे डीडीटी मोडून बनणारं रूप. पायरेथ्रॉइड गटातल्या सगळ्या कीटकनाशक औषधांपुढे 'नॉट डिटेक्टेड'. सेंद्रिय कार्बन १.२ टक्के. आणि त्याच गाळात अँफिपॉड (झिंग्यासारखे बारीक तळजीव) सोडून १० दिवसांची टेस्ट केली तर १०० पैकी ४७ जगले, कंट्रोलमध्ये, म्हणजे तुलनेसाठीच्या स्वच्छ गाळात, मात्र ९५. आता तुमचं म्हणणं असं की डीडीटी तर सापडलंय, मग जीव त्यानेच मेले असं धरायचं का, आणि तो गाळ उपसून टाकायची मागणी करायची का.

बहुधा डीडीटीने मेले नाहीत, आणि उपसायची मागणी तर आत्ता अजिबात करू नका. 'बहुधा' म्हणतोय कारण काही गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत, म्हणजे गाळ किती बारीक होता, टेस्टच्या वेळी अमोनिया किती होता, सँपल किती दिवस ठेवून मग टेस्ट लावली, वरचा थर घेतला की खोलवरचा. त्यावर उत्तर थोडं इकडेतिकडे होऊ शकतं. पण माझा विचार कसा चालतो ते सांगतो, म्हणजे तुम्हाला तुमचं तपासता येईल.

मुळात गाळात औषध किती आहे आणि त्यातलं जिवाला किती लागतं हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि रिपोर्ट फक्त पहिल्याचं उत्तर देतो. डीडीटी काय, बायफेनथ्रिन, सायपरमेथ्रिन, परमेथ्रिन ही पायरेथ्रॉइडं काय, यांना पाणी आवडत नाही. शेतातून, भिंतीच्या कडेला मारलेल्या फवारणीतून, गटारातून ती वाहत येतात ती विरघळून कमी आणि मातीच्या बारीक कणांना, कुजलेल्या पालापाचोळ्याला चिकटून जास्त. नदीचं पाणी खाऱ्या पाण्याला मिळालं की मिठामुळे ते बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाला बसतात. म्हणून खाडीचं मुख, संथ कोपरे, चिखलाचे पट्टे इथे औषध साठतं आणि तिथून थोड्या अंतरावरच्या उघड्या वाळूत जवळजवळ काही मिळत नाही. तळाशी बसल्यावर ते सेंद्रिय कार्बनला धरून राहतं आणि त्यातला अगदी थोडा भाग कणांमधल्या पाण्यात मोकळा असतो. गाळात पुरून राहणाऱ्या जिवाला मुख्यतः तो मोकळा भाग बाधतो. त्यामुळे तेवढंच औषध कार्बन कमी असलेल्या गाळात जास्त जहाल आणि कार्बन भरपूर असलेल्या काळ्या चिखलात सौम्य.

म्हणूनच आम्ही सुक्या वजनावरचा आकडा कार्बनच्या प्रमाणाने भागतो. तुमचे ३८ भागिले ०.०१२, म्हणजे कार्बनच्या दर ग्रॅमला साधारण ३.२ मायक्रोग्रॅम. डीडीटीने अँफिपॉड थेट मरायला हा आकडा शेकड्यांत लागतो. तुमचा त्याच्या आसपासही नाही. गाळातल्या धोक्याच्या पातळ्यांच्या ज्या तक्त्याशी तुम्ही तुलना केली त्यात एकूण डीडीटीची खालची पातळी १.५८ आणि वरची ४६.१ नॅनोग्रॅम आहे, त्यावरून ३८ बघून घाबरायला होतं हे खरं, पण ते तक्ते वेगवेगळ्या ठिकाणच्या गाळांत काय दिसलं त्यावरून काढलेले आहेत. त्या गाळांत डीडीटीबरोबर धातू, तेल, बाकीचं सगळंच होतं. 'अशा गाळात त्रास दिसतो' एवढंच तक्ता सांगतो, त्रास डीडीटीने होतो असं तो म्हणत नाही.

आता त्या 'नॉट डिटेक्टेड'कडे या, माझ्या मते तुमच्या रिपोर्टमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे. तुम्ही लिहिलंय की लॅबची रिपोर्टिंग लिमिट ५ नॅनोग्रॅम प्रति ग्रॅम आहे. म्हणजे ४.९ असलं तरी कागदावर 'नॉट डिटेक्टेड'च छापून येणार. समजा बायफेनथ्रिन खरंच ४.९ होतं. भागिले ०.०१२ केलं की कार्बनच्या दर ग्रॅमला ०.४१ मायक्रोग्रॅम होतात. हायलेला अझ्टेका नावाच्या गोड्या पाण्यातल्या अँफिपॉडांपैकी निम्मे १० दिवसांत मारायला बायफेनथ्रिन लागतं सुमारे ०.५२. लॅम्डा-सायहॅलोथ्रिन ०.४५, डेल्टामेथ्रिन ०.७९. परमेथ्रिन त्या मानाने सौम्य, १०.८ च्या आसपास. प्रत्येकाचं आपल्या गाळातलं प्रमाण त्याच्या मारक आकड्याने भागलं की त्याला आम्ही टॉक्सिक युनिट म्हणतो, आणि ही सगळी एकाच पद्धतीने नसांवर काम करतात म्हणून त्यांची बेरीज करता येते. बायफेनथ्रिन, लॅम्डा आणि डेल्टामेथ्रिन तिन्ही लिमिटच्या जेमतेम खाली असली तर ०.७९ अधिक ०.९१ अधिक ०.५२, म्हणजे २.२ युनिट. एक युनिटला निम्मे मरतात. तुमच्या रिपोर्टवर एकही पायरेथ्रॉइड नसताना गाळात निम्म्याहून जास्त जीव मारण्याइतकं विष असू शकतं, हे नीट लक्षात घ्या. समुद्री अँफिपॉडांचे आकडे थोडे वेगळे येतात पण पट्टा तोच. पायरेथ्रॉइडचं काम करायचं तर लिमिट १ नॅनोग्रॅमच्या बरीच खाली हवी, माझ्या सवयीप्रमाणे मी ०.५ किंवा त्याहून कमी मागतो आणि ते आधीच लिहून घेतो.

ही चूक मी स्वतः केलेली आहे म्हणून एवढं लांबवलं. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका मुखाजवळच्या गाळात आम्हाला डीडीटी सापडलं, जीव मेले, आणि आम्ही दोन्ही जोडून रिपोर्ट लिहून मोकळे झालो. पुढच्या हंगामात टेस्ट परत लावली तेव्हा बीकरकडे मी जरा वेळ बघत बसलो. अँफिपॉड धडधाकट असले की गाळात सोडल्यासोडल्या डोकं खुपसून आत जातात, ३ ते ५ मिलिमीटरचे जीव, मिनिटभरात एकही वर दिसत नाही, फक्त गाळावर बारीक खळगे राहतात. त्या बीकरांत तिसऱ्या दिवशीच सातआठ जण वर आलेले होते, कुशीवर पडलेले, आणि पाय मधूनमधून झटके दिल्यासारखे हलत होते. पुरायचा प्रयत्न करायचे आणि अर्ध्यात थांबायचे. डीडीटीही नसांवरच काम करतं, त्यामुळे नुसत्या झटक्यांवरून ठरवता येत नाही, पण एवढ्या थोड्या डीडीटीने तिसऱ्या दिवशी ही अवस्था होणं मला पटेना. म्हणून उरलेला गाळ दुसऱ्या लॅबला कमी लिमिटवर दिला आणि त्यात तीन पायरेथ्रॉइडं निघाली. पहिला रिपोर्ट मागे घ्यावा लागला. तोवर वर्ष गेलं होतं, आणि ते औषध जिथून येत होतं तिथून येतच राहिलं होतं, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पण घाई करून पायरेथ्रॉइडवरही शिक्का मारू नका. आधी साध्या गोष्टी वगळायच्या. काही अँफिपॉडांना फार चिकणमाती सोसत नाही, गाळ खूपच बारीक असेल तर विष नसतानाही मरतात. ६३ मायक्रॉनपेक्षा बारीक कण किती आणि त्यात चिकणमाती किती हे लॅबने मोजलेलं असतं, मागून घ्या. दुसरं अमोनिया आणि हायड्रोजन सल्फाइड. काळा, सडक्या वासाचा गाळ असेल आणि तो महिनाभर डब्यात बंद राहिला असेल तर हे दोन्ही वाढतात. टेस्टच्या वेळी कणांमधल्या पाण्यातला अमोनिया मोजला होता का विचारा. नसेल तर तुमच्या ४७ या आकड्यावर मी कुणाशीही वाद घालणार नाही. तिसरं खारटपणा, मुखाजवळ तो भरती-ओहोटीत बदलतो आणि टेस्टमधलं पाणी त्या जातीला चालणारं होतं का हे बघायला लागतं.

हे सगळं ठीक निघालं तर मग 'मारणारा कोण' ही टेस्ट, यात मला सगळ्यात जास्त भरवसा वाटतो. कल्पना सोपी आहे. त्याच गाळाच्या काही बीकरांत वरच्या पाण्यात पायपरोनिल ब्युटॉक्साइड घालायचं. जिवाच्या शरीरात पायरेथ्रॉइड मोडून टाकणारी एंझाइमं असतात, हे रसायन त्यांना अडवतं. त्यामुळे पायरेथ्रॉइड असेल तर मरणाऱ्यांची संख्या वाढते. क्लोरपायरिफॉससारखं ऑर्गॅनोफॉस्फेट असेल तर उलटं होतं, कारण तीच एंझाइमं क्लोरपायरिफॉसचं खरं विषारी रूप बनवतात, ती अडली की जीव वाचतात. एकाच गोष्टीने दोन गटांची दिशा उलटी होते म्हणून पुरावा भक्कम. त्याच्या जोडीला तापमान. पायरेथ्रॉइड थंड पाण्यात जास्त जहाल असतं, बहुतेक बाकीची विषं तशी नाहीत, म्हणून काही बीकर नेहमीपेक्षा थंड ठेवायचे आणि बघायचं. तिसरा उपाय म्हणजे पायरेथ्रॉइड तोडणारं कार्बोक्झिलेस्टरेज एंझाइम पाण्यात घालायचं. मात्र नुसतं प्रथिन घातल्यानेही औषध थोडं बांधलं जातं, त्यामुळे दुसरं कुठलं तरी साधं प्रथिन घातलेले बीकर शेजारी ठेवायलाच हवेत, नाहीतर निकाल फसवतो. तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत असतील आणि कमी लिमिटची केमिस्ट्रीही जुळत असेल तर मी सही करतो, त्याआधी नाही.

लॅबला परत देताना फिप्रोनिल हे वेगळ्या गटातलं कीटकनाशकही मागा, आणि नुसतं फिप्रोनिल नको, त्याची सल्फोन, सल्फाइड आणि डीसल्फिनिल ही रूपंही. ऊन लागलं की डीसल्फिनिल बनतं, हवा नसलेल्या चिखलात सल्फाइड, आणि ती मूळ औषधाइतकीच किंवा काही जिवांना त्याहून जास्त त्रासदायक असतात. फक्त अँफिपॉड फिप्रोनिलच्या बाबतीत फारसे संवेदनशील नाहीत, डासांच्या नात्यातल्या कायरोनोमिड माश्यांच्या अळ्या खूप जास्त आहेत, त्यामुळे अँफिपॉड जगले म्हणजे फिप्रोनिल नाही असा अर्थ काढू नका. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मात्र गाळात शोधत बसू नका, ते पाण्यात चांगलं विरघळतं, त्यासाठी पाणी तपासायचं. जवळपास सॅल्मन माशांचे पिंजरे असतील तर माशांच्या अंगावरच्या समुद्री उवांवर खाद्यातून देतात ती एमामेक्टिन बेंझोएट आणि टेफ्लुबेंझुरॉन यादीत घाला, ती पिंजऱ्याखालच्या तळाला जमतात. पिंजरे नसतील तर यावर पैसे घालवायचं कारण नाही.

आता डीडीटी. जीव त्याने मेले नाहीत म्हणजे ते निर्दोष आहे असं मी म्हणत नाहीये. त्याचा धोका १० दिवसांच्या बीकरात दिसतच नाही. किड्याकडून छोट्या माशाकडे, तिथून मोठ्या माशाकडे, तिथून पक्ष्याकडे ते चरबीत साठत जातं. कॅलिफोर्नियाच्या पालोस व्हर्डेसच्या समोरच्या तळावर १९४० च्या दशकाच्या शेवटापासून १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत कारखान्याचं डीडीटी सांडपाण्यातून जात होतं. त्या भागात अॅनाकापा बेटावर १९७० साली तपकिरी पेलिकनांनी घरटी केली पण डीडीईमुळे अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली होती की आई बसली की फुटायची, त्या वर्षी एकच पिल्लू वाचलं. अमेरिकेने १९७२ मध्ये बंदी घातली, पक्षी परत आले, पण तळातलं डीडीटी अजून आहे. क्लोरडेकोन या कीटकनाशकाचंही तसंच. मार्टिनिक आणि ग्वादलूप या कॅरिबियन बेटांवर १९७२ ते १९९३ केळीच्या बागांत वापरलं, जमिनीतून वाहत ते किनाऱ्याच्या पाण्यात आलं आणि आजही तिथे किनाऱ्याजवळच्या काही पट्ट्यांत मासेमारीवर निर्बंध आहेत. म्हणून तुमच्या डीडीटीचा प्रश्न अँफिपॉडला विचारू नका, तिथल्या माशाला विचारा. तळाला चरणारे, मुखातच राहणारे मासे किंवा शिंपले घ्या आणि चरबीचं प्रमाण मोजून त्यांच्यातलं डीडीई तपासा.

तुमच्याकडे बहुतेक डीडीई आहे ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. हवेशीर मातीत डीडीटीचं डीडीई होतं, हवा नसलेल्या चिखलात डीडीडी. मूळ डीडीटीचा वाटा कमी म्हणजे माल जुना, जुन्या जमिनीची धूप होऊन येत असावा. मूळ डीडीटी अचानक जास्त दिसायला लागलं तर मात्र कुठेतरी ताजा वापर आहे का हे शोधायला लागतं, आणि तेव्हा डायकोफॉल हे कोळीनाशक आठवा, त्यात डीडीटी भेसळीसारखं असतं आणि डीडीटीच्या ऑर्थो-पॅरा रूपाचं प्रमाण चढलेलं दिसलं की संशय तिकडे जातो.

गाळ उपसण्याबद्दल. मी इतका ठाम 'नको' का म्हणतोय? किनाऱ्यावर थरावर थर बसतात. डीडीटीचा वापर जोरात होता त्या काळातला थर बहुतेक ठिकाणी आता खाली दबलेला असतो आणि वर त्यामानाने स्वच्छ गाळ. नळीने उभा काप काढून थर तपासले, शिशाच्या २१० समस्थानिकाने वय काढलं, अणुचाचण्यांमुळे १९६३ च्या आसपास सीझियम १३७ चं जे टोक दिसतं ते जुळवलं की हे स्वच्छ दिसतं. वरवर उपसलं तर तो जुना थर उघडा पडतो, आणि उपसताना उडणारा गाळ ओहोटीबरोबर कुठे जाईल ते आपल्या हातात नाही. पायरेथ्रॉइडचं तर वेगळंच, ते आजही येतंय. काही पायरेथ्रॉइडं गाळात काही आठवड्यांत निम्मी होतात, बायफेनथ्रिनला थंड, हवा नसलेल्या गाळात वर्षाहून जास्त लागू शकतं, पण येणं थांबलं तर ती जातात. येणं चालू ठेवून गाळ उपसला तर पुढच्या पावसात तो पट्टा परत तसाच भरतो. काँक्रीटवर मारलेलं औषध महिनोन्महिने पाण्याबरोबर थोडं थोडं सुटत राहतं, म्हणून वर गटारांच्या तोंडाशी पहिल्या मोठ्या पावसानंतर सँपल घेतलं की कुठल्या बाजूने येतंय हे बऱ्याचदा एका फेरीत कळतं. खूपच वाईट पट्टा असेल तर अॅक्टिव्हेटेड कार्बन मिसळून औषध बांधून टाकता येतं, पण तो शेवटचा विचार.

एक गोष्ट तुम्ही सहज लिहिलीय, 'पण तिथे किडे-अँफिपॉड दिसतात तर', त्यावरही बोलायला हवं. कॅलिफोर्नियात पायरेथ्रॉइड येणाऱ्या ओढ्यांतल्या हायलेलांमध्ये नसांतल्या सोडियम चॅनेलच्या जनुकात बदल झालेला सापडला, २०१३ मध्ये ते प्रसिद्ध झालं, आणि असे जीव लॅबमधल्या जीवांपेक्षा शेकडो पट विष सोसत होते. म्हणजे तिथे जीव आहेत याचा अर्थ गाळ चांगला आहे असा नाही, सोसणारेच उरलेत असाही असू शकतो. शिवाय मरत नाही तो जीव औषध अंगात साठवतो आणि त्याला खाणाऱ्या माशाला ते मिळतं. म्हणून तुमच्या टेस्टमध्ये कुठल्या ठिकाणचे जीव वापरले हेही विचारून ठेवा.

पुढच्या फेरीला वरचा फक्त २ सेंटिमीटर थर घ्या, स्टीलच्या चमच्याने, गाळ उचलणाऱ्या ग्रॅबच्या कडांना लागलेला गाळ सोडून. एका जागी एकच नाही तर निदान तीन सँपल, आणि त्याच खाडीत पण औषध पोचत नसेल अशा जागेचं एक, कणांचा बारीकपणा मिळताजुळता असेल असं. काचेच्या बाटल्या. केमिस्ट्रीचा भाग गोठवला तरी चालतो, टॉक्सिसिटीचा गोठवायचा नाही, ४ अंशांवर अंधारात ठेवायचा आणि शक्यतो दोन आठवड्यांत टेस्ट लावायची. पैसे असतील तर टेनॅक्सने, म्हणजे औषध शोषून घेणाऱ्या दाण्यांनी, २४ तासांत सुटणारा भाग मोजून घ्या, एकूण आकड्यापेक्षा तो जिवाला लागणाऱ्या भागाच्या जास्त जवळ जातो. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर मी टेनॅक्स सोडेन आणि कमी लिमिटवर पायरेथ्रॉइड आणि फिप्रोनिल करेन.

आणि उद्याच एक करा. लॅबला फोन करून विचारा की जुन्या सँपलची गोठवलेली बाटली अजून आहे का. बऱ्याच लॅब ठरावीक मुदतीनंतर ती टाकून देतात. असेल तर तीच कमी लिमिटवर परत चालवायला सांगा, नवीन सँपलची वाट बघू नका, कारण ज्या गाळात तुमचे ५३ जीव मेले तो गाळ आता फक्त त्या बाटलीत आहे. अमोनिया आणि कणांचे आकडे मिळाले की इथेच टाका, मी बघतो.